हितंच पॅटर्न

माणसं का पळतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी उदगीरचा. आमच्याकडे कुणी पळताना दिसलं की आधी त्याच्या मागे कुत्रं आहे का ते बघतात. पण वीरण्णा सरांना हा प्रश्न पडला, आणि सरांना पडलेल्या प्रश्नाचा लातुरात तीन दिवसांत कोर्स होतो.

वीरण्णा सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, जे म्हणाल ते घडवून देणारे. मी, मल्लिनाथ, त्यांच्याकडे अकरा वर्षं नोट्स काढतो. कुठलाही विषय द्या, मी त्याचे चाळीस मुद्दे करून देतो, आणि माझे आकडे चुकत नाहीत. हा गर्व नाही, खोड आहे. चहात दोन चमचे साखर सांगितली आणि पावणेदोन पडली तर मला कळतं, आणि मी ते बोलून दाखवतो. त्यामुळे माझ्याबरोबर फारसं कुणी चहा पीत नाही.

एका सकाळी सरांनी माझ्यापुढे वर्तमानपत्राचं कात्रण टाकलं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत चार वर्षं लागोपाठ पहिले तीन नंबर एकाच गावाचे. गाव सावळदरी, इस्लापूरच्या पलीकडे, किनवट तालुका. वस्ती सहाशे.

"तिकडं केनियात एकाच टापूतली पोरं जगात पहिली यायलीत," सर म्हणाले. "त्यांचं गुपित शोधायला मोठमोठे शास्त्रज्ञ लागलेत. आपलं गुपित शेजारच्या जिल्ह्यात पडलंय आणि आपण झोपलोय. जा, घेऊन ये. जूनच्या आत बॅच काढू."

"आणि गुपित नसलंच तर?"

"अय्यो मल्लिनाथ, गुपित नसलं तर नोट्स कशाच्या काढशील?"

गुंडप्पा टेलरची टेप, वजनकाटा आणि दोनशे पानी वही घेऊन मी सावळदरीला पोचलो. उतरलो रामकिशनकाकांच्या घरी, कारण गावातली सगळ्यात जोरात पळणारी मुलगी त्यांची. महामाया तिचं नाव. वय तेवीस, अंगानं काटकुळी, बोलणं कमी. ओसरीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली खिळ्याला तिची एकोणीस पदकं एकावर एक टांगलेली. घरात त्यांचं कुणाला विशेष नव्हतं. चांगुणाबाई, म्हणजे तिची आई, त्यांतलंच एक काढून दळणाच्या पिशवीचं तोंड बांधायच्या.

महामायेला मात्र एक गोष्ट हवी होती आणि तिनं ती मला पहिल्याच दिवशी सांगितली. बेंगळुरूला यंदा एक शिबिर सुरू होणार होतं. नांदेडच्या राज्य स्पर्धेत दहा हजार मीटरला जी पहिली येईल तिला त्यात घेणार. चोवीस पूर्ण झालेल्यांना घेत नाहीत, आणि तिला नोव्हेंबरात चोवीस पूर्ण होणार होते. म्हणजे एकच संधी.

"तिथं म्हणं पळायलाच ठेवून घेतात," ती म्हणाली. "दुसरं कामच न्हाई. आणिक लई मोठ्या मोठ्या पोरी येतात. मला त्याह्यच्या संगं पळायचं हाय, सर. हितं माझ्या संगं पळायला आता कुणी उरलं न्हाई."

ती पहिली येणार यात मला शंका नव्हती. तिलाही नव्हती. मी कामाला लागलो.

आधी उंची तपासली. थोर धावपटू उंचावरच्या विरळ हवेत वाढतात असं वाचलं होतं. सावळदरी समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटर. आमचं लातूर त्याहून उंच. उंचीनं माणूस पळत असता तर गंजगोलाईतले व्यापारी ऑलिम्पिकला गेले असते. मग आहार. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. हेच खाऊन मी जिना चढताना दोनदा थांबतो. मग पोटऱ्या. बारीक पोटरीचा माणूस चांगला पळतो म्हणतात, म्हणून गावातल्या सत्तेचाळीस पोटऱ्या मोजल्या. चोविसावे आजोबा दुसरी मोजू द्यायला तयार नव्हते. सगळ्या प्रकारच्या पोटऱ्या निघाल्या. शाळेला पळत जात असतील म्हणावं तर शाळा गावातच, आणि तिकडं पळत जाताना मला एकही पोरगं दिसलं नाही.

नवव्या दिवशी मी वैतागून ओसरीवर बसलो होतो. महामाया पहाटे कुठंतरी जायची आणि उन्हं अंगणात यायच्या आत परत यायची. मी चांगुणाबाईंना विचारलं, "ही रोज जाते कुठं?"

"मावशीकडं. ताक देऊन येती."

"किती लांब आहे मावशीचं घर?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घरात चपला घालून आलो. मग म्हणाल्या, "हितंच हाय की."

मी म्हटलं चला, पाय मोकळे होतील. दुसऱ्या दिवशी निघालो. वाटेत भेटेल त्याला विचारत होतो, आणि प्रत्येक जण म्हणत होता, "हे काय, हितंच." तीन तास चाललो. मावशीच्या घरी पोचलो तेव्हा मला दोघांनी धरून बाजेवर टाकलं. महामाया येऊन, ताक देऊन, परत जाऊन कधीच मोकळी झाली होती.

परत येताना एकाची मोटारसायकल घेतली आणि तिच्या काट्यावर अंतर मोजलं. दहा पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. जाऊन येऊन एकवीस पूर्णांक दोन. ही पोरगी रोज अर्धी मॅरेथॉन पळत होती, ताकाची बरणी घेऊन.

मग मी सगळं गाव विचारून काढलं. किराणा दुकान हितंच: चार किलोमीटर. सहस्रकुंडचा धबधबा हितंच. हिमायतनगरचा बाजारसुद्धा हितंच. रात्री जेवताना मी रामकिशनकाकांना सरळ विचारलं, "काका, मग तुमच्याकडं लांब काय असतं?"

बाईंचा हात परातीत थांबला. काकांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"सर, तुमी पाहुणे हाव म्हणून सांगतो. ह्या गावात तो शब्द मयताला वापरतात. माझा बाप लांब गेला. जे माणूस परत येत न्हाई ते लांब. जिथनं माणूस परत येतं ते समदं हितंच. आता महामाया ताक घिऊन जाती, ती परत येती का न्हाई? मग ते लांब कसं?"

ऐकून खरं तर मला गलबलून यायला हवं होतं. पण मी क्लासवाला माणूस, मला हेडिंग सापडलं. गावाला अंतरच माहीत नाही, म्हणून गाव थकत नाही. त्याच रात्री मी चाळीस मुद्दे काढले. सातव्या पानावर महामायेच्या पहाटेच्या पळण्याचं अंतर, दशांशासकट.

वीरण्णा सरांनी नोट्स वाचल्या आणि मला मिठी मारली. पंधरा दिवसांत लातूरभर फलक लागले: 'हितंच पॅटर्न. मर्यादित जागा.' एकशे साठ मुलं आली. नियम कडक होते. 'किलोमीटर' म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचं. घड्याळ, मोबाईल जमा. सकाळी हजेरी झाली की सर्वांनी तीनदा मोठ्यानं म्हणायचं, "हे काय, हितंच!" शनिवारी चाचणी. प्रश्न पहिला: लातूरपासून रेणापूर किती? बरोबर उत्तर एकच. एका मुलानं 'अंदाजे हितंच' लिहिलं, त्याचा अर्धा गुण कापला.

मग प्रात्यक्षिक. सगळ्यांना पळत रेणापूरला न्यायचं ठरलं. पण लातूरची पोरं ती लातूरची पोरं. मोबाईल काढून घेतले तर त्यांनी विजेचे खांब मोजले. दोन खांबांतलं अंतर धरून एकानं सूत्र मांडलं, बाकीच्यांनी ते पाठ केलं, आणि शहराची हद्द ओलांडायच्या आत एकशे साठजणांना कळलं की अजून किती उरलंय. रेणापूरला अकरा पोचली, त्यांतली नऊ ऑटोनं.

पालक क्लासच्या दारात जमले. तेव्हा सर म्हणाले, "पोरांना जिवंत उदाहरण पाहिजे. त्या पोरीला आण." लातुरात सरावाला चांगलं मैदान मिळेल, स्पर्धेच्या आधी महिनाभर नीट तयारी होईल, असं सांगून मी महामायेला घेऊन आलो. एस.टी.नं आणली, तेही आग्रह करकरून. लातूर कुठं आलं म्हणून विचारल्यावर मीच तोंडातून 'हितंच' काढून बसलो होतो, आणि ती पहाटे पळतच निघणार होती.

आल्या आल्या तिनं सगळ्यांना वेड लावलं. रेणापूरला जाऊन आली आणि विचारलं, "नाष्टा झाला का?" पोरं तिच्या मागंमागं फिरायची. त्यांत पुनम नावाची एक हुशार मुलगी होती, चाचणीत कायम पहिली. तिला महामायेचं इतकं कौतुक वाटलं की तिनं काहीतरी भेट द्यायचं ठरवलं. माझ्या नोट्सचं सातवं पान काढलं, दशांश सोडून दिला, आणि हिशेब करून सुंदर अक्षरात कार्डावर लिहून आणला.

"ताई, तुम्ही मावशीकडं अकरा वर्षं जाताय ना? चौऱ्याऐंशी हजार तीनशे पंधरा किलोमीटर झाले! म्हणजे पृथ्वीला दोन चकरा, आणि वर चार हजार!"

महामाया क्लासच्या पायरीवर उभी होती. तिनं कार्ड हातात घेतलं. "पृथ्वीला?" तिनं विचारलं. "ह्या... समद्या पृथ्वीला?"

"दोनदा!" पुनम टाळ्या वाजवत म्हणाली.

महामाया हळूच पायरीवर बसली. गुडघ्यांवर हात ठेवले. "पाणी द्या बाई कुणीतरी," म्हणाली. अकरा वर्षांची थकबाकी तिच्या अंगावर एकदम आली. ती दोन दिवस झोपली. उठली तेव्हा तिला जिना उतरता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही झालेलं नाही, पोरगी फक्त दमली आहे. कशानं, असं त्यांनी विचारलं. मी कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःच खुर्चीत टेकले.

स्पर्धेला अठरा दिवस उरले होते. मी तिला घरी पोचवायला गेलो, वाटलं गावच्या हवेत सुधारेल. झालं उलटंच. तिनं कार्ड ओसरीवर ठेवलं, शेजाऱ्यांनी वाचलं, मग ज्याला त्याला आपापला आकडा पाहिजे झाला. मी गाव मोजलेलं होतं, वही माझ्याजवळ होती, आणि विचारलेल्या आकड्याला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. तीन दिवसांत गाव बसलं. किराण्याला कुणी जाईना. माणसं बांधावर बसून पाय चेपू लागली. सावळदरीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसथांब्यासाठी अर्ज केला, आणि तो नेऊन द्यायलाही कुणी उठेना.

रामकिशनकाका मला शेताच्या वाटेवर अर्ध्यातच बसलेले दिसले. "दोन किलोमीटर तीनशे मीटर हाय म्हणं, सर," ते म्हणाले. "जन्म गेला जाऊन यिऊन. कुणी सांगितलं न्हाई मला. नाहक चालून राहिलो मी."

मला फार लाज वाटली. पण लाजेनं आकडा बदलत नाही.

महामाया रोज पहाटे उठायची, बरणी घ्यायची आणि निघायची. तीन किलोमीटरवर चिंचेचं झाड होतं, तिथं थांबायची. "तीन झाले," म्हणायची, "अजून साडेसात हायत," आणि मटकन बसायची. पंधरा दिवस तेच. एका सकाळी मी तिच्या मागंमागं मोटारसायकलवर गेलो होतो. ती झाडाखाली बसली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं.

"सर, तुमचा आकडा चुकला असंल. सांगा ना चुकला म्हणून. मोटारसायकलचा काटा खराब हुता म्हणा. मी इस्वास ठिवते. खरंच ठिवते."

एक शब्द बोलायचा होता. माझ्या जिभेवर आलाही होता.

"काटा बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि साडेदहा नाही, दहा पूर्णांक सहा आहे. इथून साडेसात नाही, सात पूर्णांक सहा उरतात."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मग उठून, बरणी तिथंच ठेवून, चालत घरी गेली. माझ्यासारखा गाढव माणूस किनवट तालुक्यात दुसरा नसेल, आणि लातूर जिल्हा धरला तरी वीरण्णा सर सोडून कुणी नसेल.

स्पर्धेच्या दिवशी मी आणि चांगुणाबाई तिच्याबरोबर नांदेडला गेलो. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या, आणि त्या लोकांनी कडेला मोठी पाटी लावलेली. पंचवीस, चोवीस, तेवीस, किती उरल्या ते प्रत्येक फेरीला दाखवणारी. ही पोरगी चिंचेच्या झाडाखाली बसते, इथं तर दर चारशे मीटरला चिंचेचं झाड!

शर्यत सुरू झाली आणि मी छत्री घेऊन मैदानात शिरलो. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. पाटीसमोर उभा राहून छत्री उघडली. पंच धावत आले.

"अहो, बाजूला व्हा!"

"माझी तब्येत नाजूक आहे."

"मग सावलीत बसा!"

"सावली इथंच चांगली पडते."

मी छत्री घट्ट धरली होती. दोन पंच, एक हवालदार आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारी एक बाई, असे चौघं लागले मला हलवायला. महामाया तोवर दोनदा समोरून गेली. दुसऱ्यांदा जाताना ती माझ्याकडं बघून ओरडली, "सर, बाजूला व्हा! पाटी दिसंना!"

मला गेटबाहेर नेऊन सोडलं. बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर चांगुणाबाई बसल्या होत्या. त्या आत आल्याच नव्हत्या. पोरीला थकलेलं बघवत न्हाई, म्हणाल्या. मी शेजारी बसलो. भिंतीपलीकडून ओरडा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. मग भोंग्यावर कुणीतरी नावं वाचली, पण रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात एकही कळलं नाही.

बऱ्याच वेळानं महामाया गेटमधून बाहेर आली. लंगडत होती. चेहऱ्यावर घामाचं मीठ सुकलेलं. आईजवळ येऊन जमिनीवरच बसली आणि पाय लांब केले.

"पयली आले," म्हणाली.

मी वेळ विचारली. माफ करा, पण विचारली. मागच्या वर्षीपेक्षा पावणेदोन मिनिटं जास्त.

"पाटी बघू बघू पळाले, सर. सात फेऱ्यांत साडेसात किलोमीटर जावं तसं वाटलं. मग पोटात कळ आली. अठरा उरल्या व्हत्या. म्हटलं, बसावं. समोरची पोरगी बी बसाय आली व्हती, तिचं तोंड बघितलं. तिला आधीपासून म्हाईत हाय किती असतंय ते, आणि तरी रोज पळती ती. म्हटलं ह्या समद्या पोरी असंच पळतात व्हय? एवढं दुखतंय आणि तरी?" ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले. "एकोणीस बारी पयली आले, सर, पण मला काई केल्यावाणी वाटलंच न्हाई कवा. आज वाटलं."

चांगुणाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. रसाचा पेला तिच्या हातात दिला. मग माझ्याकडं वळल्या. इतक्या दिवसांत सगळ्या गावानं मला आकडे विचारले होते. या बाईनं एकही विचारला नव्हता.

"सर, ते बेंगळुरू किती किलोमीटर हाय?"

मला पाठ होतं. शिबिराचं नाव ऐकलं त्याच दिवशी काढून ठेवलं होतं.

"घरापासून आठशे चाळीस."

बाईंनी तोंडातल्या तोंडात आकडा म्हणून बघितला. "महामाया, मी चुलीपशी बसून हाक मारली तर मावशीच्या वाटंवर पार नाल्यापतुर आयकू जाती," त्या म्हणाल्या. "आठशे चाळीसला जायची न्हाई."

"फोन हाय की, आय," महामाया म्हणाली.

"फोनवर तू म्हणशील, बरी हाय. हाक मारली की येतीस तू."

महामाया पेला हातात धरून बसली. प्यायली नाही. बाईंनी पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि अगदी हळू, जणू माझ्याकडून काही उसनं मागतायत अशा आवाजात विचारलं, "आठशे चाळीसच का, सर? काई कमी न्हाई व्हायचं?"

मी वही काढली, उघडली, बराच वेळ पानं चाळली. पान कुठलं हवं ते मला माहीत होतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "आठशेच आहे."

"बघ," बाई पोरीला म्हणाल्या, "आठशेच हाय," आणि त्या चाळीस किलोमीटरांनी त्यांचा चेहरा खरोखर हलका झाला.